भिंतीला आलेलं पोट

म्हाताऱ्या गवंड्याने जन्मभर लोकांच्या भिंती नुसता दगडावर दगड बसवून रचल्या. पण टेकडीखालच्या स्वतःच्या खोपटामागे भिंत घालताना त्याला हौस आली आणि त्याने सगळ्या सांधी सिमेंटने लिंपून टाकल्या. पाण्याला वाट ठेवायची तेवढी राहिली. आता तीन दिवसांच्या पावसाने मागची माती फुगली होती आणि भिंतीला पोट आलं होतं.

भिंतीसमोरच्याच खोलीत त्याची बायको मोडका पाय घेऊन पडून होती. तो छिन्नीने खालची सांध फोडत होता. बोटं सोलली, तरी पाणी येईना.

"अहो, आत या आणि मला बाहेर ओढा," ती खिडकीतून ओरडली.

"थांब गं, एक भोक पडलं की उतरेल पोट."

"मग दाईच बोलवा तिच्यासाठी!"

त्याला हसू आलं नाही. छिन्नी आरपार गेली, गढूळ धार तोंडावर उडाली. त्याने आशेने भिंतीवर तळहात टेकला. आत दगड करकरत सरकत होते. हा आवाज त्याने लोकांच्या भिंतींत ऐकला होता. त्यानंतर फार वेळ मिळत नसतो.

हातोडा टाकून तो आत धावला. ती कळवळत असतानाही न थांबता त्याने तिला गादीसकट ओढत उंबऱ्याबाहेर काढलं. दोघं अंगणातल्या चिखलात पडली आणि मागे खोली दगडमातीने भरून गेली.

"आता जायचं कुठं गं?" तो रडत म्हणाला.

"आधी हात काढा. मोडका पाय धरलाय तुम्ही."