छातीवर कुलूप आणि दार सताड उघडं

मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे, फोनच्या पडद्यावरचं, करंगळीच्या नखाएवढं. आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण एके काळी लाखो घरांची दारं माझ्या एकट्याच्या खांद्यावर होती. हसू नका. बटणाला खांदे असतात, तुमचं लक्ष नसतं इतकंच.

मित्रांनो, फोटो टाकायचं एक ॲप होतं. टाकलेला फोटो साऱ्या जगाला दिसावा की फक्त आपल्या माणसांना, ते माझ्यावर ठरायचं. नव्या ॲपमधून मला कधीच काढून टाकलं. या तडा गेलेल्या जुन्या फोनमध्ये तेवढा उरलोय. तुम्ही चौघं पोरं तो घेऊन पायरीवर बसलात, म्हणून तोंड उघडलं.

मला घडवलं एका ताईंनी. कचेरीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. सव्वीस वेळा त्यांनी मला खोडलं आणि सत्ताविसाव्या वेळी माझ्या अंगावर चक्क अक्षरं लिहिली, ‘आत्ता बघतात : फक्त तुमची माणसं’. मग फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली.

“मावशी, हा फोटो कोणाकोणाला दिसेल?”

“इथं लिहिलंय की, माझ्याच लोकांना. एवढं विचारायला माझी बादली थांबवलीत होय?”

ताईंना असा आनंद झाला की त्यांच्या हसण्यानं लिफ्ट थेट नवव्या मजल्यावर जाऊन आली. इमारत पाच मजल्यांची होती.

पण साहेबांनी नाक मुरडलं. “अक्षरं फार झाली. लहान पडद्यावर गर्दी होते. कुलपाचं चित्र टाका. आणि सुरुवातीला दार उघडंच ठेवा. सगळ्यांनी कड्या लावून घेतल्या तर आपल्याकडे फिरकणार कोण?”

“साहेब, कुलूप दिसलं तर लोकांनी काय समजायचं? कुलूप लागलंय, की दाबल्यावर लागेल?”

“लोक हुशार असतात हो!”

साहेब काही दुष्ट नव्हते. एका म्हाताऱ्या सुताराच्या खुर्च्या अनोळखी माणसांनी पाहिल्या आणि त्याच्या हाताला पुन्हा काम मिळालं, ते उघड्या दारामुळंच. पण माझी अक्षरं पुसली गेली आणि छातीवर कुलूप आलं. त्याचा अर्थ, मला दाबलंत तर कुलूप लागेल. म्हणजे कुलूप दिसतंय तोवर दार सताड उघडं! सगळीच उलटी तऱ्हा. मला कळत होतं, पण बटणाला कोण विचारतो? ताईंनी दोनदा चिठ्ठी लिहिली, तिसऱ्यांदा नोकरी सोडली.

मग एके दिवशी माझ्यापाशी एक बाई आल्या. शिवणकाम करणाऱ्या. घरातला मार असह्य झाला तेव्हा लेकीचा हात धरून लांबच्या गावी निघून आलेल्या. भाड्याच्या दोन खोल्या आणि एक शिलाई मशीन, एवढाच संसार. पत्ता एकट्या बहिणीला ठाऊक. ती सारखी मागे लागायची, “अगं, खोली तरी दाखव! मशीन कुठं मांडलंस?”

बाईंनी खिडकीपाशी मांडलेल्या मशीनचा फोटो काढला. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती, नावासकट, रस्त्यासकट. बाई बेफिकीर नव्हत्या हो! त्यांचा अंगठा माझ्यापाशी थांबला. दोनदा निरखून पाहिलं त्यांनी.

“कुलूप आहे ना,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “मग झालं तर.”

आणि फोटो गेला.

मी घसा फोडून ओरडलो, “बाई, दाबा मला! एकदाच दाबा!” पण बटणाला घसा कुठला? अंगठा माझ्यापासून दोऱ्याएवढ्या अंतरावर होता आणि मला जागचं हलता येईना. तिघांनी फोटो पाहिला. मग तिसांनी. मी एकेक माणूस आत जाताना बघत राहिलो.

मग मी काय केलं, ठाऊक आहे? सगळा जीव एकवटला आणि आपला आपण सरकलो! खट्! दार बंद. नको त्या माणसाची नजर पोचायच्या आत! बाई अजून त्याच खिडकीत बसून फ्रॉक शिवतात. म्हणून मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी बटणं घडवायला बसलं, तर त्यांच्यावर स्वच्छ अक्षरांत—

“खोटं.”

फोन मांडीवर धरून बसलेली मुलगी बोलली. हा फोन तिच्या आईचा.

“तू काही सरकला नाहीस. चौथ्या दिवशी बाबा जिन्यात उभे होते. आम्ही मागच्या दारानं पळालो. आईचं मशीन तिथंच राहिलं.”