साहेबांचं तेच वाक्य

“बाबा, कप खाली ठेव आणि अर्थ सांग. डिसहार्टन्ड!”

“मन खचलेला. खट्टू झालेला. अवसान गळालेला.” लिफ्टवाल्याने एका दमात सांगितलं आणि पुन्हा उठून आरशात भांग बघितला.

“अहो, बसा की घटकाभर! पायाला चाकं लावलीत का?” बायको करवादली.

लावली होतीच. आज पुन्हा तीच मुलाखत होती. गेल्या वर्षी सुपरवायझरच्या जागेसाठीच्या मुलाखतीनंतर साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, “डोन्ट बी डिसहार्टन्ड.” काय तो गोड आवाज, काय ते हसू! स्वारी तरंगतच घरी आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झालं, मेहुण्याला फोन झाला, बायकोने नव्या पडद्यांची मापंसुद्धा घेतली. आणि मग त्या खुर्चीत भलताच माणूस येऊन बसला. तेव्हा कुठे भिंगरीने, म्हणजे त्याच्या लेकीने, शब्दकोश उघडला, आणि तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली. त्या दिवसापासून घरात नियमच झाला: रोज एक इंग्रजी शब्द, आणि तो वाक्यात वापरल्याशिवाय ताटाला हात नाही.

यंदाची मुलाखत झकास चालली. दोर, ब्रेक, मोटर, सगळं तो इंग्रजीत बोलला. त्याने एक विनोदही केला, साहेब खदखदून हसले. मग साहेबांनी फाइल मिटली, उठून हात पुढे केला आणि तेच गोड हसू हसले.

“डोन्ट बी...”

पुढचा शब्द ऐकायची गरजच नव्हती.

“आय ॲम, सर,” तो म्हणाला. हात मात्र नीट मिळवला. साहेबांचं हसू अर्ध्यावरच अडकलं.

भिंगरी दारातच नाचत होती. “बाबा, बाबा, माझा शब्द वापरलास का?”

“साहेबांनीच काढला, गं. मी फक्त हो म्हणालो.”

भिंगरी जागच्या जागी थांबली. बायकोने पानं घेतली. आमटीतून वाफ निघत होती, तिघं पानांवर बसले. आज शब्दाचं नाव कोण काढणार?

लिफ्टवाल्याने ताट पुढे ओढलं, घास मोडला, आणि तो परत ताटात ठेवला.

“अगं ए भिंगरे,” तो म्हणाला, “आजचा शब्द दे की. भूक लागलीय.”