आत्याबाई हसेपर्यंत

मास्तरांनी कागद उलटला, घसा खाकरला आणि नळवाल्याचं वाक्य नळवाल्याच्या आवाजात म्हटलं. मग थांबले. ऐकणाऱ्याला हसायला जेवढी जागा लागते तेवढी त्यांनी ठेवली. वर थोडी जास्तच.

आत्याबाईंच्या सुया चालूच होत्या.

"बावीस, तेवीस," टाके मोजत त्या म्हणाल्या. "झालं?"

"झालं."

"बरं आहे."

शेजारच्या खोलीत खुर्ची करकरली. दोन्ही खोल्यांमधलं दार वीतभर उघडं होतं आणि त्या फटीपलीकडे निर्माते कान देऊन बसले होते. शब्द तिकडे नीट पोचत नसत, आणि त्यांना शब्दांशी कर्तव्यही नव्हतं. त्यांना हसू ऐकायचं होतं. ते आलं नाही, तसं त्यांनी दारातून नुसतं डोकं आत घातलं.

"मास्तर, जेवून घ्या. एक वाजता परत वाचू."

डोकं गेलं. दार पुन्हा वीतभर.

हा त्या घराचा कायदाच होता. निर्मात्यांनी आपल्या पहिल्या सिनेमाची गोष्ट मटार सोलत बसलेल्या आत्याला सहज वाचून दाखवली होती आणि हसता हसता तिला ठसका लागला होता. तो सिनेमा वर्षभर चालला. दुसऱ्याच्या वेळी आत्याला विचारायचं राहून गेलं. पोस्टरची खळ वाळायच्या आत तो उतरला. तेव्हापासून आत्या हसेल तो प्रसंग पास, नाही हसली तर लेखकानं पुन्हा लिहायचा. मधे कुणी बसलं तर तिला मोकळेपणानं हसता येत नाही, म्हणून निर्माते पलीकडे. धंद्यातले लोक मागे टिंगल करत. तोंडावर कोण करणार? चाललेल्या सिनेमाच्या निर्मात्याला कुणी वेडा म्हणत नाही.

मास्तर पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे. नोकरी सुटली, 'मास्तर' हे नाव राहिलं. या सिनेमाची गोष्ट त्यांचीच होती. एका नामांकित लेखकाला काही म्हणता काही सुचेनासं होतं. एके दिवशी घरातला नळ दुरुस्त करायला एक नळवाला येतो. काम करताना तो स्वतःशी जे बडबडतो ते लेखक चोरून टिपून घेतो, आणि ते संवाद पडद्यावर टाळ्या खातात. मग काय, लेखक दर चार दिवसांनी आपल्या हातानं एक नळ मोडतो. घराची पार दशा होते, सिनेमे चालत राहतात. इथपर्यंत आत्याबाई इतक्या हसल्या होत्या की निर्मात्यांनी शेवट व्हायच्या आतच शूटिंग सुरू केलं.

आणि शेवट अकरा दिवस अडला होता.

अकरा दिवस मास्तर निर्मात्यांच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहत होते. रोज धुतलेला टॉवेल, वेळेवर चहा, खिडकीला जाळी. कुणी कुलूप लावलं नव्हतं. कुलूप असतं तर निदान तोडता तरी आलं असतं. चौथ्या दिवशी त्यांनी भीत भीत सांगितलं होतं की मुलीला मुलगा झालाय, एकदा जाऊन येतो.

"जा की!" निर्माते म्हणाले होते. "मी काय बांधून ठेवलंय तुम्हाला? फक्त थिएटरचा सेट उभा आहे आणि नटाच्या तारखा शनिवारी संपतात. शेवट दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावा लागेल. आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी, मास्तर. पडद्यावर नाव मग त्याचं."

मास्तर गेले नाहीत. दोन सिनेमांत त्यांचं नाव 'संवाद साहाय्य'खाली, लाइटवाल्यांच्या आधी आलं होतं. हा पहिला, जो सगळाच्या सगळा त्यांचा होता.

जेवण त्यांना गेलं नाही. मुलीची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. जावयाची रजा आज संपत होती. उद्यापासून मुलगी आणि बारा दिवसांचं बाळ, दोघंच. दुपारी तीनची गाडी होती. रोज तीनची गाडी असे.

साडेबाराला त्यांनी आणखी एक शेवट लिहिला. कागद संपत आले होते म्हणून पाठकोऱ्यांवर लिहिला, आणि एक वाजता खाली येऊन आत्याबाईंसमोरच्या स्टुलावर बसले.

"किती नंबरचा हा?" आत्याबाईंनी विचारलं.

"चौदावा."

"माझी पोरं एवढा अभ्यास करती तर कलेक्टर झाली असती. असो. वाचा."

मास्तर वाचू लागले. आवाजात आता नळवालाही नव्हता आणि लेखकही नव्हता. हजेरी घेतल्यासारखं चाललं होतं. लेखक थिएटरच्या दारात उभा आहे. नळवाला समोरून येतो. लेखक लपायला खांब शोधतो. मास्तरांनी पान उलटलं आणि त्याच सुरात पुढे वाचलं.

"बाबा, काल तो शिंकला. शिंकल्यावर स्वतःच इतका दचकला की रडायलाच लागला. तो रडतोय म्हणून हे रडायला लागले. मला कळेना, आधी कुणाला घेऊ."

सुया थांबल्या.

"रोज उद्या येतो म्हणता, तर मी त्याला सांगून ठेवलंय, तुझ्या आजोबांचं नाव उद्या आहे..." मास्तर अडखळले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "चुकलं. ही मागची बाजू. फोनवर कुणी बोलायला लागलं की माझा हात आपोआप लिहितो. सवयच लागलीय मेली."

"वाचा."

"आत्याबाई, हे सिनेमातलं नाही."

"कळलं मला. एवढी म्हातारी नाही झाले. वाचा पुढे."

पुढे एकच ओळ होती. मास्तरांनी ती हळू वाचली.

"मला काही नको, बाबा. मी अंघोळ करेन तेवढा वेळ कुणीतरी त्याला धरायला हवं."

पलीकडे खुर्ची करकरली आणि गप्प झाली. आत्याबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. लोकरीचं ते लांबच लांब काहीतरी पार पावलांपर्यंत आलं होतं. मफलर म्हणावा तर जिराफाचा.

"मास्तर," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही जो शेवट वाचलात ना. नळवाला सिनेमा बघून येतो, लेखकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, साहेब, सिनेमा चांगला असेल हो, पण त्या हिरोच्या घरातला नळ सारखा गळत होता. माझं लक्षच लागलं नाही."

"फाडला मी तो. तुम्ही हसला नाहीत."

"गाल आतून चावून धरला. दोन दिवस तिखट खाता आलं नाही मला."

मास्तरांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. उठले, खिडकीपर्यंत गेले. जाळीच्या बाहेर कुणाची तरी मोटार धुणं चाललं होतं. तिथूनच, पाठ फिरवून ते म्हणाले,

"अकरा दिवस, आत्याबाई."

"मोजलेत मी." त्यांनी सुया लोकरीत खोचल्या. "हसले असते तर तुम्ही गेला असतात. इथे सगळे दारातून डोकं घालतात. आत्या, औषध घेतलंस? आत्या, जेवलीस? डोकं बाहेर. बसून बोलणारे तुम्ही एकटेच, ते पण कागदावरचं. तुमच्या त्या लेखकाचं बरं होतं बाई. त्याच्याकडे मोडायला नळ तरी होते."

मास्तर वळले.

"मुलीबद्दल आधी का नाही बोललात?"

"बोललो होतो. त्यांच्याशी."

"हो का," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पदर सारखा केला आणि दाराच्या फटीकडे तोंड करून हसायला सुरुवात केली.

पहिलं हसू अगदीच पत्र्याचं निघालं. दुसरं जरा बरं. मग कुठून कोण जाणे, बहुधा त्या पहिल्या पत्र्याच्या हसण्याचंच, त्यांना खरं हसू आलं. अकरा दिवसांचं साठलेलं. त्या पुढे वाकल्या, मांडीवर थापा मारू लागल्या, लोकरीचा गुंडा घरंगळत कपाटाखाली गेला.

दार धाडकन भिंतीवर आदळलं.

"पास!" निर्माते ओरडले. "मास्तर, पास! आणा तो कागद इकडे!"

मास्तरांनी कागद छातीशी धरला.

"कागदाचं राहू दे," आत्याबाई डोळे टिपत म्हणाल्या. "सगळं पाठ आहे मला. तू बस इथे आणि लिहून घे. मास्तरांची तीनची गाडी आहे. तुझ्या ड्रायव्हरला सांग, पोचवून ये म्हणावं. नातू झालाय त्यांना. माहीत होतं तुला?"

निर्माते डोकं खाजवू लागले. "बोलले होते बहुतेक. अगं पण मी कशाला, असिस्टंटला बोलावतो ना..."

"त्याला माझं बोलणं कळत नाही. बस."

"आत्या, मला साडेतीनला मीटिंग आहे."

"मग मी विसरले तर मला बोल लावू नकोस. बस म्हणते ना. पेन आहे? हां. सगळ्यात वर मास्तरांचं नाव घाल. कथा, पटकथा, संवाद. माझ्या देखत."

निर्माते स्टुलावर बसले. गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांनी नाव लिहिलं, आणि आत्याबाईंनी ते चष्म्यातून तपासून मान हलवली.

मास्तर दोन-दोन पायऱ्या चढून वर गेले. बॅग त्यांनी अकरा दिवसांत पुरती उघडलीच नव्हती. ते खाली आले तेव्हा खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत्याबाई सांगत होत्या.

"...माझं लक्षच लागलं नाही. लिहिलंस?"

"लिहिलं. संपलं?"

"संपलं कसं? मग नळवाला लेखकाचा हात सोडतो. पिशवीतून पाना काढतो. आणि थिएटरमध्ये परत जातो, सरळ पडद्यामागे. सगळे टाळ्या वाजवतायत, आणि हा मागून विचारतोय, अहो, पाण्याची मेन लाइन कुठंय?"

मास्तर थबकले. हे त्यांनी लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशीही नाही, चौदा वेळांत कधीच नाही. बॅग या हातातून त्या हातात गेली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आत स्टूल करकरलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच निर्मात्यांचं हसू मास्तरांना ऐकू आलं. बारीक, नाकातून येणारं, शाळकरी.

ते बाहेरच्या पायऱ्या उतरू लागले.

"पुढे?" मागून निर्मात्यांचा आवाज आला. "आत्या, पुढे काय?"

"घाई करू नकोस. कुठंतरी चुकलंय माझं," आत्याबाई म्हणाल्या. "खोड ते सगळं. पहिल्यापासून घेऊ."