फाटकाजवळची झोपडी

ओडेरा मोटारसायकलवरून पडून वारला आणि त्याचे वडील ओगुटू त्याला गावी न्यायला सियायाहून नैरोबीला आले. शवागारात सांगितलं, आज नाही, उद्या सकाळी मिळेल. मग म्हातारा विचारत विचारत आमच्या केंद्रावर येऊन पोचला.

शहराच्या कडेला झाडीत हे केंद्र आहे. देशातल्या एकेका जमातीची घरं तिथे बांधलीत आणि दुपारी मोठ्या मंडपात सगळ्यांचे नाच होतात. मी ढोल वाजवतो. ओडेरा नाचायचा. दोघंही लुओ जमातीचे, एकाच खोलीत राहायचो.

"तू ओलांग ना?" म्हातारा म्हणाला. "तो काय करायचा, ते मला दाखव."

"बाबा, आधी चहा घ्या."

"चहा नंतर."

शाळांच्या सहली आल्या होत्या, त्यामुळे खेळ रद्द झाला नव्हता. मी त्यांना वरच्या बाकावर बसवलं. कांबा जमातीच्या नाचात एक जण धावत येऊन दुसऱ्याच्या डोक्यावरून कोलांटी घेतो. ती उडी ओडेराची होती. आमची मुंबुआ स्वतः कांबा. नाच तीच बसवते. तिने सकाळीच बजावलं होतं, त्याच्या जागी कुणी उभं राहायचं नाही. उडीची वेळ आली तेव्हा मी नेहमीसारखा ढोल चढवत नेला. मुंबुआ वाकून उभी राहिली. तिच्यावरून कुणी गेलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय ठाऊक.

खेळ संपल्यावर मी मुंबुआला त्यांच्याकडे घेऊन गेलो.

"ती मोकळी जागा त्याची का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो, बाबा. माझ्या डोक्यावरून जायचा. मी त्याला रोज शिव्या द्यायचे. म्हणायचे, मेल्या, लुओ असून आमची उडी चोरलीस, आता आमच्यातलीच एखादी बायको कर." ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

"लहानपणी गोठ्याचं कुंपण असंच ओलांडायचा," म्हातारा म्हणाला. "मी मारायचो त्याला."

मग आम्ही लुओंच्या घराकडे गेलो. मधोमध थोरल्या बायकोचं घर, बाजूला कणगी, फाटकाजवळ तरण्या मुलाची वेगळी झोपडी. आमच्यात तिला सिंबा म्हणतात. म्हातारा इतर कशाकडे न बघता तिच्यापाशी थांबला.

"इथे कोण राहतं?"

"कुणी नाही, बाबा. लोकांना दाखवायला आहे." मग मला राहवलं नाही. "ओडेरा दुपारी इथेच झोपायचा. पाय दाराबाहेर यायचे."

म्हातारा वाकून आत गेला आणि जमिनीवर बसला. तेवढ्यात शाळेच्या मुली आल्या. एकीने दारातून डोकावून विचारलं, "आजोबा, हे तुमचं घर का?"

"माझ्या मुलाचं," तो म्हणाला.

मुली गेल्यावर तो बाहेर आला, पण चालेना. कणगीला टेकून उभा राहिला.

"दर डिसेंबरला यायचा, ओलांग. म्हणायचा, बाबा, माझ्या सिंबाची मेढ रोवा. मी म्हणायचो, परक्यांपुढे नाचणं सोड, मग रोवतो. मला लाज वाटायची. गावात कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर मी विषय बदलायचो."

पहिली मेढ बापाने रोवल्याशिवाय आमच्यात मुलाचं घर उभं राहत नाही. आणि तरणा मुलगा घर नसताना गेला, तर त्याला आधी घर द्यावं लागतं, मगच माती.

त्याने माझ्या फोनवरून गावी भावाला सांगितलं, "लाकडं तोडून ठेवा. गवत आणा. पण मेढीचा खड्डा कुणी खणायचा नाही. तो माझा."

दुसऱ्या दिवशी ओडेराला घेऊन मी आणि मुंबुआ त्यांच्याबरोबर सियायाला गेलो. गाडी फाटकाबाहेर उभी राहिली. सगळा गाव गोळा झालेला. म्हाताऱ्याने कुदळ घेतली. भाऊ मदतीला पुढे झाला, तर त्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि भाऊ मागे सरला. त्याने मेढ रोवली, पायाने माती दाबली. मग पुरुष भराभर कामाला लागले. बायका माती कालवून कूड लिंपू लागल्या.

ओडेराची आई इतका वेळ झाडाखाली बसून होती. चौकट बसवताना ती उठून आली.

"दार उंच ठेवा," ती म्हणाली. "त्याला वाकायला आवडत नाही."

दार उंच ठेवलं. भिंती ओल्याच होत्या, तेव्हा त्याला आत नेलं. ती रात्र तो आपल्या घरात होता. सकाळी बाजूलाच पुरला.

मी आणि मुंबुआ बसने परत आलो. रस्ताभर ती खिडकीकडे तोंड करून होती.

गावच्या त्या झोपडीत कुणी राहत नाही. गेलेल्याचं घर आम्ही शाकारत नाही, ते आपसूक मातीत जाऊ देतो. मागच्या पावसात एक भिंत खचली, असं ओडेराच्या काकाने फोनवर सांगितलं. मी विचारलं, बाबा कसे आहेत? काका म्हणाला, "बरा आहे. सकाळी उठतो आणि त्या पोराचं अंगण झाडून येतो."