लो म्हणजे कमी

मी ग्लुकोमीटर बोलतोय. घरात मला ‘शुगरचं मशीन’ म्हणतात. थेंबभर रक्त द्या, मी साखर सांगतो. खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही; रक्त माझं नसतंच मुळी.

माझे मालक शिंपी. अख्ख्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ, वहीबिही काही नाही. घरात ते, त्यांची बायको आणि रोज न चुकता टपकणारा मेहुणा. मेहुण्याला वैद्यकातलं एकच कळायचं: आकडा जितका लहान, तितका माणूस शहाणा. एकशेचाळीस आले की घरात सुतक, नव्वद आले की मालकांची पाठ थोपटायची. मी साखर मोजतोय की गुन्हे, मलाच कळेना.

एकदा संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. दुपारी मालकांनी जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेतलं आणि ते पाटावर बसणार, तोच मेहुणा म्हणाला, “भाऊजी, आज जेवण राहू द्या. आकडा बघून डॉक्टर तोंडात बोट घालतील.”

तासाभरात मालकांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. हातातली कात्री दाखवत “माझी कात्री कुठाय?” असं त्यांनी तीनदा विचारलं. बायकोने त्यांच्या बोटाचं रक्त मला दिलं. मी जिवाच्या आकांताने ‘लो’ दाखवलं.

“अरे, आकडाच येत नाही?”

“लो म्हणजे कमी, ताई. मशीनला मोजता येईना, इतकी कमी. जिंकलो आपण.”

त्याने माझा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. अभिनंदनं आली. मालक “जरा पडतो” म्हणाले. त्यांची झोपमोड नको म्हणून बायकोने दार लोटून घेतलं. चार तास. साखरेचा डबा हाताच्या अंतरावर होता, आणि मला हात नाहीत. इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मेंदू साखरेवर चालतो, हे बहीण-भावाला दवाखान्यात कळलं. जीव वाचला, पण मेंदूला व्हायची ती इजा झाली होती. मापं गेली, माणसंही पुसली गेली. मेहुणा आता खिशात साखरेच्या पुड्या घेऊन फिरतो. वरातीमागून घोडं.

बाबांनो, माझ्याकडे बघा, पण आधी माणसाकडे बघा. घाम फुटला, जीभ अडखळली, तर शुद्ध आहे तोवर साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. कौतुक मागाहून करा.

आज सकाळी एकशेदहा आले. बायको हरखून म्हणाली, “अहो, साखर अगदी छान आलीये.”

मालक अदबीने हसले. “अरे वा. तुमच्या मिस्टरांना सांगा, बाई. त्यांना बरं वाटेल.”