मऊ करणारा शब्द

माझा नवरा संघपाल वाडीतल्या ज्या गोदामात हमाल होता, तिथं अग्निसुरक्षेच्या तपासणीला एक साहेब आले आणि 'मागच्या दाराशी मिटिगेशन करा' असं इंग्रजीत सांगून गेले. मी भाषांतरं करते, म्हणून मालक भैय्याजींनी मला बोलावून घेतलं.

आग लागली तर पळायला ते मागचं दारच. खंडेनवमीला भैय्याजींनी नेमका त्याच्यापुढे संगमरवरी देव्हारा बसवला होता. पूजा झाली, देव्हारा तिथंच राहिला. हमालांपैकी कोणी तोंड उघडेना, संघपाल तर नाहीच नाही. "आपण बोललो का दाराची गोष्ट राहत नाही, देवाची होते," तो म्हणायचा.

"मॅडम, या शब्दाचा मतलब काय?" भैय्याजींनी विचारलं.

"मूळ लॅटिन आहे. मऊ करणं. जे नुकसान टळत नाही त्याची धार कमी करणं." राहवेना, म्हणून पुढे म्हटलं, "पण इथं टळतं. देव्हारा तेवढा बाजूला घ्या."

ते हसले. "तुमच्यात देव मानत नाही, म्हणून तुम्हाले सोपं वाटते. बसवलेला देव हालवत नसते. तुम्ही मऊच लिहा."

फलक लागला : 'हानी सौम्य करण्याचा मार्ग'. खाली बाण, थेट देव्हाऱ्याकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घर त्याच गोदामावर चालत होतं.

मे महिन्यात भर दुपारी पुढच्या बाजूला थिनरचे डबे पेटले. सगळे मागे धावले. संघपालनं देव्हारा सरकवला, आगीनं तापलेलं दाराचं शटर उघड्या हातांनी वर धरलं, आणि सगळे बाहेर पडल्यावर मग सोडलं.

भैय्याजी दवाखान्यात आले. संघपालचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते.

"देवाची कृपा, मॅडम. सगळे वाचले. तुमच्या शब्दासारखंच झालं, हानी सौम्य झाली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण याले आता कामावर घेता येत नाही. पोरं म्हणून राहिले, यानं देवाले लाथ मारली."

"कोणती पोरं? यानं बाहेर काढली ती?" मी विचारलं. ते निघून गेले.

संघपालनं माझ्याकडे मान वळवली.

"मी खांदा लावला होता, दीक्षा," तो म्हणाला. "पाय नाही लागू देला."