आठ सेकंद

ताई भरदुपारी ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, तेव्हा धाकटी बहीण हातातलं काम टाकून खाली आली. भाऊजी गोदामाच्या आगीत गेले त्याला जेमतेम महिना झाला होता.

"चौकशीवाले म्हणतात, दार उघडंच होतं," ताई म्हणाली. "यांच्या सोबतच्या माणसानं आतून लाइव्ह केलं होतं. बाहेरून कुलूप आहे म्हणून सगळे ओरडत होते, बघणाऱ्यांनी सांगितलंय मला. पण तोही गेला, त्याचा फोनही जळला, आणि व्हिडिओ तुमच्या सरकारी खात्यानं नेटवरून काढून टाकला. तू आतलीच आहेस ना? बघ की, कुठं ठेवलाय."

ठेवतंय कोण! नव्या कायद्यानं काढलेलं सगळं पंधरा दिवसांत कायमचं पुसलं जाई. याच कायद्यासाठी धाकटी घरीदारी भांडली होती. एका मुलीची नको ती क्लिप गावभर फिरत होती, ती हिनं थांबवली, तेव्हा त्या मुलीची आई हिच्या गळ्यात पडून रडली होती. सरकारनं यात नाक खुपसू नये म्हणणाऱ्यांची तिला तेव्हापासून चीडच होती.

वर जाऊन तिनं नोंद काढली. 'आग, होरपळलेली माणसे. विचलित करणारे. काढले.' पुढे क्लिप बघून काढणाऱ्या तपासनिसाचा क्रमांक. तो तिचाच होता.

दिवसाला चारशे क्लिपा. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून सगळेच तपासनीस क्लिपचा आवाज बंद ठेवत आणि दुप्पट वेगानं पुढे पळवत. नियमात हे कुठंच नव्हतं, नव्या माणसाला शेजारचाच दाखवून देई. या क्लिपला तिनं आठ सेकंद दिले होते. धूर, दारावर आपटणारे हात. पुरे, काढा.

तपासनिसाचं नाव गुप्त राहतं. ती गप्प बसली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. ती जिना उतरून फाटकाशी आली.

"ताई, तो मीच काढला."

ताई रडली नाही, तिला बोलही लावला नाही. शिपायानं खुर्ची पुढे केली, तीही तिला दिसली नाही.

"म्हणजे शेवटचं तूच पाहिलंस त्यांना," ताई म्हणाली. "खूप घाबरले होते का गं?"

धाकटीला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

"ताई, मला ते ओळखूच आले नाहीत."